तळमजला

पुण्यात तळमजल्यावर माणसं राहत नाहीत, गाड्या राहतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर चपलांचा एक जोड तरी वाचला असता. बिल्डिंग कितीही साधी असो, खाली खांब, आणि खांबांच्या मध्ये गार सावलीत आरामात उभ्या असलेल्या स्कुटरी आणि मोटारी. माणसं आपली वर, जिना चढून. लिफ्ट असली तर भाडं आपल्या आवाक्याबाहेरचं, आणि भाडं आवाक्यातलं असलं तर लिफ्ट नाही. मला मात्र तळमजलाच हवा होता. वरचं घर फुकट दिलं असतं तरी मी घेतलं नसतं.

कारण माझे वडील. ते यवतमाळच्या पुढे एका तालुक्याच्या गावी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथे सांगत बसत नाही, पुण्यातल्या प्रत्येक घरमालकाला सांगून माझं तोंड दुखलंय. मी गावातल्या डाळमिलमध्ये बिलिंगचं काम करायचे. मिल बंद पडली. आमची तूरडाळ पुण्याला मार्केट यार्डात ज्या व्यापाऱ्याकडे जायची, त्याच्या गाळ्यावर माणूस हवा होता. चाळिशीला टेकलेल्या बाईला गावात दुसरी नोकरी कोण देणार? मी हो म्हणाले.

निघायच्या आधीच्या हिवाळ्यात वडील न्हाणीत घसरून पडले होते. मी कामावर. दूधवाला येऊन हाका मारेपर्यंत ते तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. मी घरी पोचले तर मलाच म्हणाले, "काही नाही वं, जरा बसलो होतो." गुडघा तेव्हापासून कामातून गेला. तेव्हाच मी ठरवलं होतं की यांना एकटं ठेवायचं नाही. पुण्याचं ठरलं तेव्हा म्हटलं, बाबा, तुम्हाला घेऊनच जाते. ते बाजेवर बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "तळमजल्यावर घर भेटलं तर येतो ना. पायऱ्या नाही होत आता मले."

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. लग्नाला येता का, पाहू ना. पैसे देता का, पाहू ना. हे 'पाहू ना' ऐकलं की समजायचं, काम होत नाही. पण वडील 'पाहू ना' म्हणाले नव्हते. 'येतो ना' म्हणाले होते. म्हणून मी निश्चिंत होते. चुलतभाऊ शेजारीच राहतो, तो सकाळ-संध्याकाळ डोकावेल असं कबूल करून घेतलं आणि मी गाडीत बसले. महिन्या-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं मला वाटलं होतं.

आल्यावर उतरले ती सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर. म्हणजे खोली आपली नाही, खोलीतली एक कॉट आपली. कॉटखाली ट्रंक, कॉटच्या वर खिळा, खिळ्यावर पिशवी. एवढा संसार. बाकीच्या कॉटवर पोरी. सगळ्या कसल्या ना कसल्या परीक्षेच्या मागे लागलेल्या. बिचाऱ्या पहाटे उठून अभ्यासिकेत जायच्या आणि रात्री येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. पहिल्या आठवड्यात मला ताई म्हणाल्या, दुसऱ्या आठवड्यात काकू. मी म्हटलं, चला, प्रमोशन झालं. कानात ते बोंडूक घालून बसलेल्या पोरीशी बोलायचं तरी काय? मी काही विचारलं की ती एका कानातलं बोंडूक काढायची, "हां काकू?" म्हणायची, आणि माझा प्रश्न इतका फालतू असायचा की मी "काही नाही, वाच तू" म्हणून गप्प बसायची. मग डबा. डबेवाल्या काकूंची भाजी गोड. भाजीत साखर घालतात हे मी ऐकून होते, खाल्ली तेव्हा रडूच आलं. भाजीसाठी नाही आलं ते, पण आलं खरं.

त्या खोलीत कॉटवर पडून वर बघताना मला लहानपणची एक खोली आठवायची. वडिलांची एका आडगावी बदली झाली होती आणि आम्ही तिथे शाळेच्याच सामानाच्या खोलीत राहायचो. भिंतीला गुंडाळलेले नकाशे, कोपऱ्यात तराजू, कपाटावर पृथ्वीचा गोल. रात्री आई चूल पेटवायची आणि मी तो गोल फिरवत बसायचे. मला ते घर फार आवडायचं. वर्गातल्या पोरांना सांगायचे, तुम्ही शाळेत येता, आम्ही शाळेतच राहतो. वडील म्हणायचे, शाळा जवळ पडते म्हणून इथं राहतो. मला वाटायचं, केवढा हुशार आहे माझा बाप.

गाळ्यावरचं काम संध्याकाळी सुटायचं. डाळीबरोबर गाळ्यावर मिरचीही असायची, तिच्या पोत्यांनी दिवसभर शिंकून शिंकून डोकं जड झालेलं असायचं. मग मी फोन काढून जाहिराती बघायची आणि नंबर लावायची. पुण्याचा माणूस फोनवर 'नाही' म्हणतो बाप्पा! आणि असं म्हणतो की पुन्हा विचारायची सोय नाही.

"जाहिरात वाचलीत का?"

"हो, वाचली."

"त्यात काय लिहिलंय?"

"फॅमिलीला देणे आहे."

"मग आपली फॅमिली कोण?"

"मी आणि वडील."

"ती फॅमिली नव्हे. ती तक्रार झाली. उद्या वडील आजारी पडले की आम्हाला उठवणार." फोन ठेवला.

सुरुवातीला असं झालं की माझं डोकं फिरायचं. गाळ्यावरच्या हमालांसमोर मी त्या फोनला काय काय बोलले असेन. नंतर नंतर मला ते बरं वाटायला लागलं. निदान कळतं तरी. 'कळवतो' म्हणून महिनाभर जीव टांगणीला लावण्यापेक्षा हे बरं.

एजंटही धरला एक. स्कुटरवर यायचा, पान खायचा, आणि मला मागे बसवून गल्ल्या दाखवायचा. माझं बजेट ऐकून म्हणाला, "मॅडम, या पैशात तळमजला म्हणजे पार्किंगमध्ये कॉट टाकावी लागेल." मी म्हटलं, टाका. तो हसला नाही. बिबवेवाडीत त्याने मला दुसऱ्या मजल्यावरचं एक घर दाखवलं. ऊन यायचं, ओटा नवा, मालक सज्जन. आठ-दहा मिनिटांत मी गाळ्यावर चालत पोचले असते. मी खिडकीतून खाली पाहिलं आणि जिना मोजला. वडील वर येताना डोळ्यांसमोर आले, एका हाताने कठडा धरून, "काही नाही वं" म्हणत. मी नको म्हटलं. एजंटने पानाची पिंक टाकली आणि दोन दिवस फोन उचलला नाही. मालकांनी मात्र विचारलं, "अहो, जागा आवडली नाही का?" मी म्हटलं, फार आवडली. त्यांना वाटलं बाई वेडी आहे.

वडील रोज फोनवर चौकशी करायचे. नुसती चौकशी नाही, उलटतपासणी. घर कोणत्या तोंडाचं होतं? नळ घरात की बाहेर? संडास कोणता? रस्ता किती लांब? पेपर टाकतात का? मी दमून भागून आलेली असायची आणि तरी सगळं सांगायची. मला वाटायचं, यांनी मनात सामान बांधायला घेतलंय.

मग सहकारनगरातलं ते घर मिळालं. मिळालं म्हणजे, मिळाल्यासारखं झालं. जुना बंगला, पुढे मालक आणि मालकीणबाई, मुलगा परदेशात. मागच्या बाजूला दोन खोल्या, वेगळा दरवाजा, आणि एकही पायरी नाही. उंबरा सुद्धा बुटका. दारात पारिजातक. मी आत पाऊल टाकलं आणि मनात वडिलांची खुर्चीही ठेवून टाकली, त्या पारिजातकाच्या बाजूला, पेपर वाचायला. भाडं थोडं जास्त होतं, पण मी म्हटलं, डबा बंद करू, स्वतः रांधू, भागेल.

मालकीणबाईंनी कॉफी केली. आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, 'कर' लागलेलं. त्यावरून काही कळत नाही. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, "त्या गावचे आमचे एक लांबचे नातलग होते." मी म्हटलं, असतील. मी काही लपवलं नव्हतं. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझी जीभ काही लाजरी नाही. पण त्यांनी विचारलं नाही आणि कॉफी चांगली झाली होती. मालक म्हणाले, "एक तारखेपासून या. वडील मास्तर होते म्हणता? वा, मला गप्पांना माणूस मिळेल."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच फोन लावला. त्यांनी उचलल्यावर स्पीकरवर टाकला. म्हटलं, "बाबा, घर मिळालं! पायरी नाही एकही! घ्या, मालकांशी बोला." आणि फोन मालकांच्या पुढे धरला.

वडिलांनी फोनवर आयुष्यभर प्रत्येकाशी एकाच शब्दाने सुरुवात केली आहे. नातेवाईक असो, शाळेचा हेडमास्तर असो, गॅसवाला असो. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम, साहेब!"

मालकांचं तोंड बोलायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मालकीणबाईंनी माझ्यापुढचा रिकामा कप उचलला आणि आत गेल्या. मग मालक म्हणाले, "हो. नमस्कार." एवढंच. वडील तिकडून हॅलो हॅलो करत होते. मी म्हटलं, बाबा, रेंज नाही, मग लावते. आणि फोन बंद केला. आम्ही तिघं मग हवेबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. पुतण्याची अचानक पुण्यात बदली झाली होती. मी विचारलं, कालपासून आजपर्यंत? ते म्हणाले, "हो ना, अहो, बघा ना." सगळ्या पुण्यात मला तोंडावर नाही म्हणणारी माणसं भेटली, आणि ज्या एका घरासाठी माझा जीव गेला तिथेच बरोबर आमच्याकडचं 'पाहू ना' निघालं. मी गाळ्यामागे पोत्यांच्या थप्पीआड जाऊन मनसोक्त रडले. मिरचीच्या गाळ्यावर एक सोय असते, डोळे लाल असले तरी कुणी विचारत नाही.

वडिलांना संध्याकाळी सांगितलं, "ते घर नको म्हटलं मी. पाणीच नाही तिथं."

"हाव काय," ते म्हणाले. "जाऊ दे मग."

बस. नळ घरात होता की बाहेर, टँकर येतो का, टाकी कुठे आहे, काही नाही. मला तेव्हा हायसं वाटलं, खोटं निभावलं म्हणून. त्यानंतर त्यांनी घराची चौकशीच सोडून दिली. मी सांगितलं तर ऐकायचे. नाही सांगितलं तर जेवली का, झोप, एवढं बोलून फोन ठेवायचे. मी म्हटलं, कंटाळले असतील. मी तरी कुठे कंटाळले नव्हते?

नंतरचे दिवस मला धड आठवत नाहीत. रविवारी सगळं पुणे सहकुटुंब बाहेर पडायचं आणि मी स्वारगेटला बसच्या रांगेत उभी राहून नवनवीन भागाच्या बसमध्ये चढायची. धनकवडी, आंबेगाव, कोंढवा. प्रत्येक दारात तोच प्रश्न, "कोण कोण राहणार?" आणि माझं तेच उत्तर. हळूहळू 'मी आणि वडील' म्हणताना माझा मलाच आवाज खोटा वाटायला लागला. एकदा तर एका बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून "मी एकटीच" गेलं. लगेच दुरुस्त केलं. पण बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उसाच्या गुऱ्हाळाशी कितीतरी वेळ उभी राहिले. रस प्यायला दोघं बसलेले, नवराबायको, एकाच ग्लासात. एवढ्या मोठ्या शहरात मला नावाने हाक मारणारं एकही माणूस नव्हतं. गाळ्यावर मॅडम, खोलीवर काकू, फोनवर 'अहो'. मला माझ्या गावची, नावाने केकाटणारी भांडखोर शेजारीण सुद्धा आठवली, बोला!

मग एक ठरवलं. यापुढे दारातच सांगून टाकायचं. कॉफीच्या आधी. ज्याला नाही म्हणायचं त्याने पारिजातक दाखवायच्या आत म्हणावं.

कात्रजला, मुख्य रस्ता सोडून आत, टेकडीच्या बाजूला एक घर आहे. वर मालकीणबाई, खाली भाड्याच्या खोल्या. मूळ तिथल्याच गावच्या, आता गावच शहरात आलंय. हातात विळा होता, दारातलं गवत काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. म्हटलं, मी आणि माझे वडील, ते यवतमाळकडे असतात, आम्ही बौद्ध आहोत, मटण खातो, वडील मोठ्याने जय भीम म्हणतात, घरात बुद्धाची मूर्ती असेल आणि निळ्या कोटातला फोटो असेल, चालत असेल तर सांगा नाहीतर मी निघते. एका दमात.

त्यांनी विळा खाली ठेवला. "झालं तुमचं?"

"झालं."

"पाणी सकाळच्याला येतं, भरून ठिवावं लागंल. दारात गाडी लावायची न्हाई. भाडं टायमावर. आन मटण केलं तर वर वाटी पाठवायची, आमचं ह्ये वारकरी झाल्यापासून घरात शिजत न्हाई." हात पदराला पुसून म्हणाल्या, "येवढं वरडता कशाला पर? आमाला ऐकू येतं."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्या वर गेल्या. किल्ली आणून दिली.

घर काही पारिजातकाचं नव्हतं. दोन खोल्या, पत्र्याचा दरवाजा, भिंतीला ओल. पण जमिनीला लागून. मी सुट्टी काढून चुना मारला. न्हाणीत भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला, संडासातही एक. मिस्तरी म्हणाला, एवढा जाड कशाला? मी म्हटलं, माझ्या बापाचं वजन तू धरणार आहेस का? खुर्ची घेतली, प्लॅस्टिकची नाही, लाकडी, जुन्या बाजारातून. दाराशी ठेवली. खिडकीखाली त्यांची कॉट, म्हणजे आता कॉटसकट खोली आपली. मग रविवारी सकाळी फोन लावला.

"बाबा, झालं घर. तळमजला. पायरी एक आहे, पण चार बोटांएवढी. मी येते घ्यायला."

"पाणी कसं आहे?"

"चांगलं आहे. सकाळी येतं."

"शेजार?"

"चांगला आहे."

"तिकडं थंडी लय असते म्हणते."

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खुर्चीवर बसले. म्हटलं, "बाबा, यायचं नाही का तुम्हाला? नाही तर नाही म्हणा. इथं लोक सरळ म्हणतात, मला आता सवय झाली आहे."

तिकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "त्या घरी पाणी होतं ना?"

"कोणत्या?"

"ज्याच्या मालकाशी मी बोललो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बोललो अन् तिकडं सामसूम झालं. ती सामसूम मी वळखतो, माय. तू नको सांगू मले पाण्याचं. आपण त्या शाळेच्या खोलीत काऊन रायलो, माहीत आहे तुले?"

"शाळा जवळ पडायची म्हणून."

"हाव. असंच म्हणत होतो मी. तुझ्या आईले पण तसंच म्हणत होतो. गावात सगळ्या गल्ल्या फिरलो होतो मी. आपण कोण ते कळलं की घरात कोणाची तरी बाळंतीण निघे, नाही तर पावणा निघे. तू तो गोल फिरवत बसायची, तुले लय आवडे, मले बरं वाटे."

मी गोल आठवत होते. निळा रंग उडालेला, खाली एका जागी खड्डा पडलेला. कपाटावरून खाली काढायला वडीलच यायचे. इतकी वर्षं ती माझ्या लहानपणाची सगळ्यात सुखाची जागा होती. आणि त्या सगळ्या वेळी हा माणूस गल्लीगल्लीतून परत येऊन माझ्यासाठी तो गोल खाली काढून देत होता.

"पण बाबा, या घराला मी आधीच सगळं सांगितलंय," मी म्हटलं. "दारातच. मालकीणबाईंना काही नाही त्याचं. तुम्ही या, पाहिजे तेवढ्या मोठ्याने म्हणा."

"तू सांगितलं?"

"एका दमात."

ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. "माझ्याच्यानं नाही झालं कधी," ते म्हणाले. "बरं केलं. तू राह्य तिथं. पण मी नाही येत. हे घर मी बांधलं ते यासाठीच, का पुन्हा कोणाच्या दारात उभं राहून सांगा लागू नये. न्हाणीत पडलो तं माह्या न्हाणीत पडलो."

"मग तळमजला कशाला म्हणाले होते? मी बिबवेवाडीचं ते घर सोडलं तुमच्यासाठी!" मी ओरडलेच. राग आला होता, आणि खरं तर राग नव्हता.

"मले वाटलं, नाही भेटणार," ते म्हणाले. "नाही म्हटलं असतं तं तू गेली असती काय?"

मग त्यांनी विचारलं, जेवली का. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. न्हाणीतल्या दांड्यावर मी टॉवेल वाळत घालते. खिडकीखालची कॉट चादर घालून तशीच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही, मीही नाही. चुलतभाऊ सकाळ-संध्याकाळ डोकावतो आणि मला फोटो पाठवतो, बाबा पेपर वाचताना, बाबा चहा पिताना, जसा काही पुरावा. फोटो येईपर्यंत गाळ्यावर माझं लक्ष लागत नाही. घर सापडलं, माणूस सापडला नाही, असं मी स्वतःशी म्हणते आणि मग म्हणते, गप, रडू नको, भात लाव.

संध्याकाळी मात्र एक करते. खुर्ची दारात ओढते, दार सताड उघडं टाकते आणि फोन स्पीकरवर लावते. तिकडून आवाज येतो, खणखणीत, गल्लीत जाईल असा, "जय भीम!" मीही तितक्याच मोठ्याने म्हणते. तळमजला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जातं. मग ते पाण्याची चौकशी करतात. नळ कधी आला, किती वेळ होता, टाकी झाकली का. पहिल्यासारखी उलटतपासणी चालते.

परवा मटण केलं होतं. वाटी घेऊन वर गेले तर मालकीणबाई जिन्यातच भेटल्या. म्हणाल्या, "वडील आलं जणू? आवाज ऐकला."

"नाही," मी म्हटलं, "फोन होता."

"मग कवा येणार हायेत?"

वाटी गरम होती. मी ती त्यांच्या हातात दिली.

"पाहू ना," मी म्हटलं.